मरणाने वसवलेली वस्ती

ऑक्टोबर सरत आला की बेंगळुरूच्या रसेल मार्केटबाहेर शेवंतीचे ढीग लागतात. दसरा-दिवाळीचे गिऱ्हाईक असतेच, पण महिन्याच्या शेवटच्या दिवसांत जे गिऱ्हाईक येते ते वेगळे. ते देवासाठी हार घेत नाही, सुटी फुले घेते. सोबत मेणबत्त्यांचे पुडके, चुन्याची पिशवी, काळ्या रंगाचा छोटा डबा आणि एक बारीक ब्रश. २ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा सर्व मृतांचा दिवस. वसईला ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना या खरेदीचा अर्थ लगेच कळेल. शिवाजीनगरच्या गल्ल्यांतून या पिशव्या बाहेर पडतात आणि रिक्षांत, बसमध्ये, स्कूटरच्या पुढ्यात बसून पूर्वेकडे जातात. या वस्तीत उभे राहायला जागा मिळणे मुश्कील, मग आडवे व्हायला कुठली मिळणार? इथली माणसे गेली की कुठे जातात, हे पाहावे म्हणून मी निघाले होते.

शिवाजीनगर म्हटले की आपल्याला पुणे आठवते. बेंगळुरूचे शिवाजीनगर वेगळ्याच मातीचे. इथे तमिळ, दख्खनी उर्दू आणि कन्नड या तिन्ही भाषा एकाच दुकानात, एकाच वाक्यात चालतात. एकीकडे बस स्थानक, दुसरीकडे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची गुजरी, मध्ये चांदनी चौक, आणि या सगळ्याच्या डोक्यावर सेंट मेरी बॅसिलिकेचा उंच गॉथिक मनोरा. जुने नाव ब्लॅकपल्ली. हे नाव 'बिळी अक्की', म्हणजे पांढरा तांदूळ, यावरून आले असे इथले लोक सांगतात. तो तांदूळ पिकवणारे शेतकरी तमिळ ख्रिस्ती होते आणि जिंजीकडून आले होते. जिंजी म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारणारच. १६७७ मध्ये महाराजांनी घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांना आसरा देणारा तोच हा किल्ला. त्याच मुलखातून आलेल्या शेतकऱ्यांनी इथे गवताने शाकारलेले एक देऊळवजा चर्च उभे केले. १८३२ च्या दंगलीत त्याला झळ पोचली. आजची इमारत १८७५ ते १८८२ या काळात फादर क्लायनर यांनी बांधवून घेतली. सप्टेंबरमधल्या जत्रेत इथल्या आरोग्यमातेला साडी नेसवतात आणि तिचा रथ निघतो. त्या रथापुढे कोण कुठल्या धर्माचा हे ओळखायला गेलात तर फसाल.

२०२५ च्या सप्टेंबरात इथल्या मेट्रो स्थानकाचे नाव शिवाजीनगर असावे की सेंट मेरी यावरून मोठा वाद झाला, त्याचे पडसाद मुंबईतही उमटले. दोन्ही नावांविषयी मला आदर आहे. पण शिवरायांची किंवा मेरीमातेची सेवा नावाच्या पाटीने होते असे मला वाटत नाही. वस्ती कोणाची, हे विचारायचे तर जे तिच्यात राबले आणि तिथेच संपले त्यांना विचारावे.

आणि तसे विचारायला लागले, तर उत्तर श्रीरंगपट्टणपासून सुरू करावे लागते. १७९९ च्या मे महिन्यात टिपू सुलतान पडला आणि इंग्रजांची फौज श्रीरंगपट्टणला तळ देऊन बसली. कावेरीच्या बेटावरची दमट हवा, डास आणि हिवताप. लढाईत वाचलेले शिपाई आणि अधिकारी खाटेवर मरू लागले. तिथल्या गॅरिसन दफनभूमीत तीनशेच्या आसपास कबरी आहेत. त्यांत द म्यूरों या स्विस पलटणीचे लोकही आहेत, आणि त्यांच्या वंशजांच्या मदतीने २००७-०८ च्या सुमारास तिची डागडुजी झाली. मी ती पूर्वी पाहिली होती. तेव्हा तिचा बेंगळुरूशी काही संबंध असेल असे मनातही आले नव्हते. पण त्या कबरींची संख्या वाढत गेली म्हणूनच फौजेला दुसरी, उंचावरची, कोरडी जागा हवी झाली. १८०९ मध्ये हलसूरच्या परिसरात बेंगळुरूची छावणी उभी राहिली ती त्यासाठी. ब्लॅकपल्ली ही त्या छावणीच्या बाजाराची वस्ती झाली. इन्फंट्री रोड, कॅव्हलरी रोड, आर्टिलरी रोड ही नावे तेव्हाची. गोऱ्या पलटणी मोकळ्या मैदानाच्या कडेने, आणि त्यांना धुणे, शिवण, मांस, भाजी, घोडे, कुली आणि कंत्राटे पुरवणारे सगळे इकडे दाटीवाटीत. श्रीरंगपट्टणच्या मरणाने शिवाजीनगर वसवले, असे मी म्हणते ते यासाठी.

बेंगळुरूतली इंग्रजांची पहिली दफनभूमी मात्र छावणीच्याही आधीची होती. १७९१ च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने टिपूकडून आधी पेठ आणि मग किल्ला घेतला. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा त्याला येऊन मिळाल्या त्या यानंतर. त्या वेढ्यात पडलेल्या अधिकाऱ्यांना किल्ल्याजवळच पुरले. फौजेबरोबर रॉबर्ट होम नावाचा चित्रकार होता. १७९४ मध्ये निघालेल्या त्याच्या म्हैसूरच्या चित्रसंग्रहात या दफनभूमीचेही चित्र आहे. आज कृष्णराजेंद्र मार्केटच्या त्या गर्दीत तिचा मागमूस नाही. त्याच लढाईचा स्मारकस्तंभ हडसन सर्कलजवळ होता, तो १९६४ मध्ये पाडला. जिंकणाऱ्याने जिंकलेल्या शहरात आपल्या विजयाचा खांब रोवावा आणि स्वतंत्र शहराने तो काढून टाकावा, यात गैर काही नाही. पण दफनभूमी ही खांबासारखी नसते. तिथे मेलेली माणसे असतात, कुठल्या का बाजूची असेनात. ती पुसली जाते तेव्हा मला वाईट वाटते.

होसूर रोडवर त्या मानाने बरेच शाबूत आहे. शहराच्या दक्षिणेला या रस्त्याच्या कडेने वेगवेगळ्या पंथांच्या दफनभूमी आहेत. मधल्या भिंती उंच. जिवंतपणी पलटणीत, चर्चमधल्या बाकांवर आणि क्लबात जी अंतरे होती तीच मातीतही पाळलेली. जुन्या प्रोटेस्टंट भागात शिरलात की आधी पलटणींची नावे दिसतात, मग हुद्दे, मग वये. वये वाचवत नाहीत. विशीतले शिपाई, पहिल्या बाळंतपणात गेलेल्या बायका, आणि लहान मुले, किती तरी लहान मुले. एका दगडावर देवदूताचा पंख तुटला होता आणि खाली वय महिन्यांत दिले होते. साम्राज्याविषयी माझे मत त्या दगडाने बदलले नाही. पण दुसऱ्याच्या राज्याची हौस पुरवायला आलेल्या घरांनी स्वतःच्या पोटची पोरे कशी गमावली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिले.

या कबरींना वाली आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपियन दफनभूमींची देखभाल आणि नोंद करणारी एक संस्था १९७६ पासून लंडनमधून काम करते. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांसाठी १९५२ मध्ये मद्रासला खास युद्धस्मशान केले, आणि दक्षिण आणि पूर्व भारतातल्या ज्या छावण्यांत कबरींची निगा पुढे राहील याची खात्री नव्हती तिथले मृतदेह तिकडे हलवले. आणि ज्याने सत्तावीस वर्षे म्हैसूरचा कारभार पाहिला तो मार्क कब्बन इथे नाहीच. १८६१ मध्ये मायदेशी परतताना तो सुएझला वारला आणि आयल ऑफ मॅनवर पुरला गेला. इतक्या वर्षांच्या राज्यकारभारानंतरही माती त्याला तिकडचीच हवी होती. शिवाजीनगरच्या लोकांना निवड नव्हती.

त्यांना पाहायचे तर कल्पल्लीला जायचे.

रिक्षावाल्याला कल्पल्ली म्हटल्यावर त्याने मागे वळून पाहिले. "वहाँ कायकू जाते आपा? कोई गुजर गए क्या?" नाही म्हटल्यावर तो गप्प बसला, पण भाडे मीटरप्रमाणेच घेतले. हलसूर तलावाच्या पलीकडच्या अंगाला कॉक्स टाउनकडे ही मोठी स्मशानभूमी पसरली आहे. ख्रिस्ती दफनभूमी आहे आणि हिंदूंची रुद्रभूमीही. विद्युतदाहिनी आहे, आणि पुरण्याची जागाही आहे, कारण इथल्या हिंदूंतही सगळे जाळत नाहीत. कर्नाटकात लिंगायत पुरतात, तमिळ दलित वस्त्यांतही पुरण्याची रीत आहे. महाराष्ट्रातल्या लिंगायत वाचकांना यात नवल वाटणार नाही.

फाटकातून आत शिरले तो दिवस २ नोव्हेंबरच्या आधीचा होता, म्हणून आत कामाची धांदल. होसूर रोडवर जशी इंग्रजी अक्षरे आणि संगमरवर, तसे इथे तमिळ अक्षरे, सिमेंट आणि फरशा. न्हाणीघराला लावतात तसल्या निळ्या-गुलाबी फरशा कबरीभोवती बसवलेल्या. काहींवर काचेच्या चौकटीत फोटो, काहींवर नुसता लोखंडी क्रूस आणि त्यावर हाताने रंगवलेले नाव. क्रूसांची इतकी दाटी की दोन कबरींमधून चालताना पाऊल तिरके टाकावे लागते. शिवाजीनगरच्या गल्लीतही असेच तिरके चालावे लागते.

एका कबरीपाशी एक कुटुंब बसले होते. आजीची कबर. आधी खराट्याने झाडली, मग पाणी ओतून नारळाच्या काथ्याने घासली. सून चुन्याचे बोट कडेने फिरवत होती. नातू, असेल विशीचा, पोटावर आडवा पडून खोदलेल्या अक्षरांत काळा रंग भरत होता. ब्रश फार जाड म्हणून त्याने काडीला कापूस गुंडाळला. अक्षराबाहेर ओघळलेला रंग बापाने अंगठ्याच्या नखाने पुसला आणि पोराला तमिळमध्ये काहीतरी सांगितले. ती सूचना असणार, कारण पुढचे अक्षर त्याने वरून खाली न भरता खालून वर भरले. मला दगड वाचता येत नाही हे कळल्यावर त्या बाईने स्वतःहून सांगितले: सासूबाई बोअरिंग हॉस्पिटलात आया होत्या, बाळंतपणे करायच्या. शिवाजीनगरात अर्ध्याअधिक लोकांना त्यांनीच पहिल्यांदा हातात घेतले, असे ती म्हणाली, आणि ते सांगताना तिचा चेहरा उजळला. १८६८ पासूनच्या त्या हॉस्पिटलच्या इतिहासात त्या आयाबाईचे नाव कोणी लिहिले नसेल. इथे दर वर्षी कोणीतरी ते नव्याने काळे करते.

मी आणखी एक गोष्ट विचारली: जागा कशी मिळते? तिने कबरीकडेच बोट दाखवले. नवीन जागा जवळपास मिळतच नाही. ज्यांची कुटुंबाची कबर आहे ते मध्ये काही वर्षे गेली की तीच पुन्हा उघडतात आणि पुढचा माणूस तिथेच ठेवतात. दगडावर नवे नाव जुन्याच्या खाली येते. शेजारच्या एका शिळेवर अशी नावे एकाखाली एक होती, शेवटच्या नावाखाली थोडी जागा सोडलेली. ज्यांची कुटुंबाची कबर नाही त्यांचे हाल मोठे.

खड्डे खोदणारी माणसे एका झाडाखाली चहा पीत होती. या कामावरची घरे बहुतेक दलित, आणि काम पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे येते. एकाने सांगितले की पावसाळ्यात खोदणे सोपे पण खड्डा ढासळतो, उन्हाळ्यात पहारीला ठिणग्या उडतात. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, शहरभर दाहिन्यांपुढे रुग्णवाहिकांच्या रांगा लागल्या. तेव्हा ही माणसे जेवायलाही बसली नाहीत. साथीच्या सुरुवातीला टाळ्या वाजवणारे शहर आज त्यांना कायम पगार आणि हातमोजे देण्यासाठी मागण्या करायला लावते, ही मला शरमेची गोष्ट वाटते. ज्याच्या हातून आपल्या आईला शेवटची माती मिळते त्याला हातमोज्यांसाठी अर्ज करावा लागू नये.

साथ आणि शिवाजीनगर यांचे नाते जुने आहे. मुंबईत १८९६ मध्ये, पुण्यात १८९७ मध्ये प्लेग आला. सावित्रीबाई त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना गेल्या, हे आपल्याकडे शाळकरी पोराला ठाऊक असते. तीच साथ रेल्वेच्या वाटेने १८९८ च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूला पोचली. पेठेत आणि छावणीच्या बाजारात, जिथे घरांना खिडक्या नव्हत्या आणि एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे होती, तिथे तिने सगळ्यात मोठा घास घेतला. प्लेगने गेलेल्यांना घाईने पुरत किंवा जाळत. दगड कोण लावणार? त्यांची आठवण राहिली ती शहरातल्या प्लेग अम्माच्या देवळांत. आणि राहिली ती नकाशात. दाटी कमी करायची म्हणून छावणीच्या उत्तरेला नवी नगरे आखली गेली, १९०६ पासून फ्रेझर टाउन उभे राहू लागले. रुंद रस्ते, घरामागे बोळ, प्रत्येक घराला उजेड. आज तिथल्या मॉस्क रोडवर रमजानच्या रात्री खायला अख्खे बेंगळुरू लोटते. ते रुंद रस्ते कोणाच्या मरणाने मिळाले याची तिथे पाटी असावी, असे मला मनापासून वाटते.

छावणीतल्या मुसलमानांसाठी जयमहालच्या बाजूला खुद्दूस साहेब ईदगाह आणि कब्रस्तान आहे. आत बायका सहसा जात नाहीत, म्हणून मी भिंतीच्या फटीतून पाहिले आणि बाहेरच्या चहावाल्याशी बोलले. मोठी झाडे, मातीचे उंचवटे, मोजकेच दगड. कबरीवर पक्के बांधकाम करू नये असे मानणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे नाव दोन पिढ्यांत मातीत मिसळते. इराणहून, अरबस्तानातून घोडे घेऊन आलेले व्यापारी या छावणीत स्थायिक झाले. शिराझहून १८२४ च्या सुमारास आलेल्या आगा अली अस्करचा नातू मिर्झा इस्माईल तर १९२६ ते १९४१ म्हैसूरचा दिवाण होता. पण घोड्यांना खरारा करणारे, नाल ठोकणारे आणि खोगीर शिवणारे? ते या उंचवट्यांखाली असतील आणि त्यांची यादी कुठल्याच दप्तरात मिळायची नाही.

शेवटचा मुक्काम शिवाजीनगरपासून लांब, म्हैसूर रोडवर होता. तिथे ज्यूंची छोटी दफनभूमी आहे. शिवाजीनगरला लागून असलेल्या कमर्शियल स्ट्रीटवर रुबेन मोझेस या बगदादी ज्यू घराण्याचे बुटांचे प्रसिद्ध दुकान होते. शहरात सिनेगॉग नव्हते, तेव्हा त्यांच्या घरी प्रार्थना होत. दफनभूमीसाठी जमीन १९०४ मध्ये म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार यांनी दिली. आणि तिथली पहिली कबर बगदादी माणसाची नव्हे. ती सुभेदार सॅम्युएल नागावकर यांची.

नागावकर! मी अलिबागकडची. नागाव आमच्या शेजारचे. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि समुद्र. आमच्याकडे बेने इस्रायली म्हणजे शनिवार तेली, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक. घरात मराठी बोलणारे, रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी गावांची आडनावे लावणारे. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या मोजक्या जोडप्यांपासून आपण वाढलो असे ते सांगतात, आणि वाहून आलेल्यांना पुरले ते उंचवटे नवगावला अजून दाखवतात. इंग्रजी अमलात यांच्यातले किती तरी पलटणीत शिरले आणि सुभेदार झाले. त्यांतलेच एक दिवेकर म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले. हे बेने इस्रायली आहेत असे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली म्हणून सुटले, असे सांगतात. परतल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. तेव्हा म्हैसूरचे राज्य आणि आमचा अष्टागराचा किनारा यांचे नाते नागावकरांच्या आधी शंभर वर्षांचे.

राखणदाराने कुलूप काढले. आवार लहान, गवत कापलेले, कबरी थोड्याच, त्यांच्यावर हिब्रू आणि इंग्रजी. सुभेदारांच्या दगडापाशी मी बराच वेळ थांबले तेव्हा त्याने हिंदीत विचारले, तुमच्या नात्यातले का? मी म्हटले, नाही, आमच्या बाजूचे, यांचे गाव माझ्या गावापासून दोन-तीन कोसांवर. त्याला हे ऐकून बरे वाटले. त्याने समुद्र किती लांब, तिथे आता यांच्यातले कोणी राहते का, असे पुष्कळ विचारले. बहुतेक इस्रायलला गेले, थोडी घरे आहेत, सिनेगॉग उघडे आहे, एवढे मी सांगितले. मग तो मला एकेका कबरीपाशी नेऊ लागला. मला हिब्रू येत नव्हते आणि त्याला इंग्रजी. मी इंग्रजी ओळी वाचून कोण कुठला ते हिंदीत सांगत गेले, आणि त्याने ज्या दगडांची माहिती कोणाकोणाकडून ऐकली होती ती तो मला सांगत गेला.